आडवा वारा

आमची आई शहर बस चालवते. तिच्या बसमध्ये उभ्या माणसाचाही तोल जात नाही, अशी डेपोत तिची ख्याती आहे. आजोबांच्या जमिनीतला वाटा तिला मिळाला, तेव्हा त्याचं काय करायचं हे सगळ्यांनी तिला न विचारताच ठरवून टाकलं. मामाच्या मते घरावर एक मजला चढवायचा, आजीच्या मते माझ्या लग्नासाठी ठेवायचा. आईने तो वाटा विकला आणि गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर विमान शिकायला नाव घातलं.

"या वयात?" मामा म्हणाला.

"या वयात पैसे आले," आई म्हणाली. "आधी आले असते तर मीही आधी गेले असते."

पहिल्याच दिवशी तिची फजिती झाली. विमान जमिनीवर असताना ते पायाखालच्या पेडलने वळवायचं असतं, हातातल्या चाकाचा तिथे काही उपयोग नसतो. आईने सवयीने चाक फिरवलं आणि विमान थेट गवताकडे निघालं. शेजारी बसलेल्या प्रशिक्षक मुलीने ब्रेक दाबला. ती माझ्याहून जेमतेम मोठी असेल. "काकू, हात मांडीवर," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी आई हात मांडीवर ठेवून, नुसत्या पायांनी विमान इकडून तिकडे फिरवत राहिली. तिथल्या पोरांनी तिचं नाव 'बसताई' ठेवलं. "स्टॉप आला का हो, बसताई?" असं कोणी विचारलं की ती शांतपणे म्हणायची, "आला की सांगते. तू आत्तापासून दाराशी येऊन उभा राहा."

वर जाणं तिला लवकर जमलं. उतरणं काही केल्या जमेना. धावपट्टी जवळ आली की ती विमानाचं नाक घाईने वर घ्यायची, विमान हवेतच रेंगाळायचं आणि मग धपकन खाली बसायचं. "खालची जमीन बघू नका, धावपट्टीचं टोक बघा," असं प्रशिक्षक सांगायची. मग घरी जेवण झालं की आई खुर्ची ओढून व्हरांड्याच्या एका टोकाला बसायची, दुसऱ्या टोकाकडे बघत रिकामे हात हळूहळू छातीकडे घ्यायची. आजी मला विचारायची, "हिला बरं आहे ना?"

हळूहळू उतरणं सुधारलं आणि तिचं पहिलं एकटीचं उड्डाण ठरलं. विमानात प्रशिक्षक नसणार. वर जायचं, विमानतळाभोवती एक चक्कर मारायची आणि खाली यायचं. आम्ही सगळे बघायला गेलो. आजी नव्या चपला घालून आली होती.

नेमकी त्या दिवशी ती प्रशिक्षक मुलगी रजेवर होती. तिच्या जागी मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्यापुढे तिथे कोणी ब्र काढत नसे. आईने वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या, खांबावरच्या नारिंगी कापडी पिशवीकडे पाहिलं. वारा पिशवीत शिरून ती चांगलीच फुगली होती आणि धावपट्टीला बरोब्बर आडवी फडफडत होती.

"वारा मर्यादेत आहे. जा," सर म्हणाले.

"विमानाच्या मर्यादेत असेल, सर. माझ्या नाही. आडव्या वाऱ्यात मी अजून एकदाही नीट उतरलेले नाही. आज नाही जाणार."

"घरचे आलेत तुमचे. भीती वाटते का?"

"भीती वाटते असं समजा हवं तर. पण मी जाणार नाही."

मामा तिच्या कानाशी लागला. "अगं, चारचौघांत नाक कापतेस. एक चक्कर तर मारायची."

"मग तू मार," आई म्हणाली.

तिच्यानंतर एका दाढीवाल्या विद्यार्थ्याची पाळी होती. तो गेला, चक्कर मारली, उतरताना एकदा जरा कलंडल्यासारखा झाला, पण टेकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या.

"बघा, झालं ना?" सर म्हणाले.

"त्याचं झालं. छान उतरवलं त्याने. माझं झालं नसतं."

 परत येताना गाडीत आजी म्हणाली, "माझ्या चपला चावल्या."

सरांनी आईचं शिक्षण थांबवलं. आत्मविश्वास नाही, काही दिवस विचार करा, असं सांगितलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"विचार झाला, सर. मला वारा सुटलेल्या दिवशीच शिकवा. छान हवेत शिकायचं ते शिकून झालं."

"इथे कोणाला काय शिकवायचं ते मी ठरवतो."

"ठरवा. मी बाहेर बाकावर आहे."

आणि ती खरंच बसली. पुढच्या सुट्टीला बसली, त्याच्या पुढच्याही. सर येता-जाता तिच्याकडे बघायचे नाहीत, ती मात्र उठून नमस्कार करायची. शेवटी प्रशिक्षक मुलगीच त्यांना म्हणाली, "मी घेते त्यांना. जबाबदारी माझी." सरांनी मान हलवली. ती होकाराची होती की वैतागाची, हे दोघींनीही विचारलं नाही.

मग सुरू झाली खरी झटापट. विमान वाऱ्याकडे तोंड करून तिरकं आणायचं, टेकायच्या आधी पायाने सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली दाबून धरायचा. आई घरी यायची तेव्हा पाठीला सदरा चिकटलेला असायचा. "कसं झालं?" विचारलं की म्हणायची, "आज आमचं दोघींचं चांगलंच वाजलं. माझं नि विमानाचं."

मग एका संध्याकाळी ती आली, तोंड धुतलं आणि टॉवेल हातात घेऊन म्हणाली, "आज एकटी गेले होते."

आजी उठूनच बसली. "कोणाला सांगितलं का नाहीस?"

"हवा नीट बघायची होती. तुमची तोंडं बघत बसले असते तर ते राहिलं असतं."

"वारा होता?" मी विचारलं.

"होता थोडा. आडवाच होता." मग ती हसली. "शेजारची जागा रिकामी असली की विमान केवढं पटकन वर उठतं गं. सांगितलं होतं त्या शिकवणाऱ्या पोरीने, पण मला खरं वाटलं नव्हतं."

त्या रात्री ती दोनदा जेवली.

लायसन्स अजून मिळालेलं नाही. मागच्या आठवड्यात हवामानशास्त्राच्या पेपरात ती नापास झाली. मामा मुद्दाम घरी आला. "आता तरी..." असं त्याने सुरू केलं. आईने त्याच्या हातात चहा दिला, पुढच्या परीक्षेची तारीख सांगितली आणि गणवेशाची बटणं लावत दुपारच्या पाळीला निघून गेली.