कापून टाकलेला आवाज

ढोकीजवळच्या एका साखर कारखान्यात वीरभद्र अण्णा गाडीतळावर भोंग्यातून उसाच्या गाड्यांचे नंबर पुकारायचे. "एक्केचाळीस नंबर, वजनकाट्यावर या!" आवाज असा खणखणीत की झोपलेला ड्रायव्हरही दचकून गिअर टाकायचा. पुढं त्यांना दम लागायला लागला. तेव्हा त्यांची लेक शिवकन्या म्हणाली, "अण्णा, तुमचा आवाज भरून घेते. कंप्युटरच पुकारंल."

पोरगी हॅस्केल नावाच्या कंप्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहायची. गाडीतळावर नेटचा पत्ता नाही, आणि सुट्या फाइली तिथं कोण कधी पुसून टाकील याचा नेम नाही. म्हणून सगळा आवाज प्रोग्रामच्या पोटातच घालायचं तिनं ठरवलं. इथंच घोडं पेंड खायला लागलं. कंप्युटरात आवाज आकड्यांतच साठतो; ते लाखो आकडे तिनं एका यादीत लिहिले, आणि कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, एकेक आकडा उचलून तपासत बसला. लॅपटॉप तापून बंद पडायचा. वैतागून तिनं आवाजाला कात्री लावली. नंबर तेवढे ठेवले. खोकला, मधलं बोलणं, सगळं काढलं. डिस्कही भरली होती, म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसलं.

तरी जमेना. शेवटी तिला साधी युक्ती सापडली. यादी करायचीच नाही, सगळा आवाज एकाच अखंड मजकुरासारखा द्यायचा. धान्य निवडत न बसता पोतं तोंड बांधून उचलावं, तसं कंपायलरनं ते न बघता आत ठेवलं. चुटकीसरशी काम झालं. म्हणजे काही कापायची गरजच नव्हती! तिला चुटपुट लागली, पण अण्णा होतेच की. पुन्हा भरून घेऊ, म्हणाली.

त्याच हंगामात अण्णा गेले.

भोंगा मात्र त्यांच्याच आवाजात पुकारत राहिला. एके दुपारी कडूबाई, शिवकन्येची आई, लेकीबरोबर गाडीतळावर आली आणि बाकावर बसून ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "शिवे, आवाज भरताना म्या चहा आणला हुता बघ. तवा ते म्हणले, 'ठेव तिथं, तू पिलीस का?' उभ्या जन्मात त्यांनी तेवढं एकदाच इचारलं गं. ते लाव की."

शिवकन्या म्हणाली, "आई... ते काढलं म्या."

कडूबाई रागावली नाही. पदरानं तोंड पुसत तिनं विचारलं, "लई जागा लागत हुती व्हय त्याला?"

"व्हय आई," शिवकन्या खोटं बोलली, "लई."