सात नंबरची चौकट

माझ्या ताईचा नवरा मला कधीच आवडला नाही आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हिचं भाऊजींचं कौतुक फार चाललंय. कौतुक कसलं डोंबलाचं! अख्ख्या नात्यात त्यांना ‘खुसपट’ म्हणतात. लग्न ठरायच्या आधी ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा आईने हौसेने विचारलं, "घर कसं वाटलं?" तर म्हणाले, "जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. कुणीतरी पडेल." आईचं तोंड एवढंसं झालं. पुढे वर्षभरात ती त्याच पायरीवरून पडली, पण म्हणून तिचा राग काही उतरला नाही. उलट वाढला. पडल्यावर माणसाला आठवण होते ना, कोण बोललं होतं ते.

ताईने तरीही लग्न केलं. का केलं ते तिचं तिला ठाऊक. विचारलं की म्हणते, "ते खोटं बोलत नाहीत." मी म्हणते, खोटं बोलू नये, पण म्हणून खरं प्रत्येक वेळी लोकांच्या डोक्यात घालायलाच हवं का?

त्यांचं काम काय, ते ताईला कधी नीट सांगता आलं नाही. मला येतं, कारण मी ज्या कागदाच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये बसते, तिथलं काम त्यांच्याकडेच होतं. कारखान्यात विजेची मोठमोठी पॅनेल आहेत. प्रत्येकात एक रिले असतो. करंट जास्त झाला, कुठे गळती झाली, की तो ब्रेकर पाडतो आणि मोटर वाचते, माणूसही वाचतो. रिलेला सगळं कळतं, पण तो तिकडे पॅनेलच्या पोटात आणि मी इकडे पडद्यासमोर. मधे कुणीतरी जाऊन त्याला विचारायला हवं, की बाबा रे, ब्रेकर चालू आहे की बंद, आणि त्याचं उत्तर कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत आणून द्यायला हवं. ते काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. आमच्याकडचे रिले वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेले. एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. एक पटकन बोलतो, एक आळोखेपिळोखे देत बोलतो, आणि एकाला लागोपाठ दोनदा विचारलं तर रुसूनच बसतो. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत चार माणसांची कंपनी, भाऊजी तिथे नोकरीला, आणि तिथे बसून त्यांनी ह्या सगळ्यांना बोलतं केलं. माणसांशी दोन शब्द धड बोलता येत नाहीत, पण रिलेशी गप्पा!

माझ्या पडद्यावर प्रत्येक पॅनेलची एक चौकट. ब्रेकर चालू असेल तर लाल, बंद असेल तर हिरवी. हिरवी म्हणजे हात लावायला हरकत नाही. आणि रिलेने उत्तरच दिलं नाही तर चौकट करडी व्हायची, मधे भलंमोठं प्रश्नचिन्ह, आणि वर तो बझर. कारखान्यात कागदाची धूळ, ओल, केबलीशेजारी धडधडणाऱ्या मोटरी. रिले घडीघडी गप्प व्हायचे आणि बझर दिवसभर कोकलायचा. माझं डोकं उठायचं. त्या बझरला मी ज्या शिव्या घातल्यात, त्या सगळ्या खरं तर भाऊजींना होत्या.

आमचे हे त्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन. सात नंबरचं पॅनेल, लगद्याच्या मोटरीचं, त्यांच्याकडे. ती मोटर म्हणजे नुसती कटकट, रोज काही ना काही निघतंच. ह्यांची पद्धत ठरलेली. मला फोन करायचा, "सात?" मी पडदा बघून म्हणायचं, "हिरवा." की ह्यांनी दार उघडून हात घातलाच. खरं तर आधी टेस्टर लावून बघायला हवं. टेस्टर खिशात असतो. पण तो काढायला ह्यांचा हात जड होतो. मी बोलले की म्हणायचे, "तू हिरवा म्हणालीस ना? मग बायकोवर विश्वास ठेवू की टेस्टरवर?" असं लाडात बोलले की मीही विरघळायची.

दोघा साडूंचं वैर जुनं होतं. भाऊजींनी घर बांधलं तेव्हा वायरिंग आमच्या ह्यांनी केलं, सुट्ट्या घालवून, घाम गाळून, नात्यातलं म्हणून. नव्या घरी सगळे जेवायला जमलो, आणि भाऊजी हातात टेस्टर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायला लागले. स्वयंपाकघरातल्या एका प्लगची अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. बरं, नव्हती तर नव्हती, बाजूला घेऊन सांगायचं! भर पंगतीत म्हणाले, "ह्या प्लगने माझ्या बायकोचा जीव गेला असता." हे पानावरून उठले. त्या दिवसापासून बोलणं बंद. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

तर मग कारखान्यात मोठे खरेदीदार यायचे ठरले. मॅनेजरला कंट्रोल रूम मिरवायची होती आणि पडद्यावर तर ही प्रश्नचिन्हांची पैदास. त्याने भाऊजींना बोलावलं. मी तिथेच बसले होते.

"हे काढून टाका," मॅनेजर म्हणाला. "उत्तर नाही आलं तर आधीचं उत्तर तसंच राहू दे. लाल होतं तर लाल, हिरवं होतं तर हिरवं. बझरही बंद."

"नाही," भाऊजी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. ते खोटं होईल."

मॅनेजरने त्यांच्याशी वाद घातला नाही. सरळ त्यांच्या मालकाला फोन केला, की हे जमत नसेल तर काम दुसऱ्याला देतो. मालकाने भाऊजींना दोन शब्दांत सांगितलं, कर नाहीतर घरी बस. संध्याकाळी ताई माझ्या दारात रडत उभी. "तू समजाव गं त्यांना. ह्या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार? घर कसं चालणार आमचं?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी. गेले मी.

भाऊजी मागच्या खोलीत एक रिले उघडून बसले होते. वर बघितलंही नाही. मी म्हटलं, "भाऊजी, सगळे ड्रायव्हरवाले असंच करतात म्हणे. तुम्हीच एवढे सोवळे का?"

"समज, तुझ्या आईला मी हाक मारली आणि तिने ओ दिली नाही," ते म्हणाले. "तर बाहेर येऊन तुला काय सांगू? बरी आहे म्हणून? काल बरी होती म्हणून?"

"अहो, कारखाना आहे तो. दवाखाना नाही."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. मग स्क्रू पिळता पिळता विचारलं, "सातला अजून तोच जातो?"

"तोच काय? साडू आहेत तुमचे."

"टेस्टर लावतो?"

"लावतात की!"

"खोटं बोलू नकोस."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझ्या नवऱ्याचं राहू द्या. तुम्ही तुमच्या बायकोचं बघा. ती तिकडे रडतेय." आणि तरातरा निघून आले. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा माणूस.

पण पीळ गेला म्हणायचा. आठवडाभर भाऊजी कारखान्यात दिसत राहिले. कधी ह्या पॅनेलपाशी, कधी त्या पॅनेलपाशी, नुसते उभे. मग एका सकाळी नवा ड्रायव्हर बसवून गेले. पडदा कसा स्वच्छ! लाल, हिरवा, बास. बझर गप्प. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ताईचाही फोन आला, तिच्या आवाजात जीव आला होता.

पाहुणे आले. मॅनेजर छाती काढून पडद्यासमोर उभा, "बघा, एका नजरेत सगळा कारखाना." आणि त्याच वेळी सात नंबरची चौकट करडी झाली. प्रश्नचिन्ह. वर बझरची बोंब. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

ते गेल्यावर मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. भाऊजी, त्यांचा मालक, आमचे हे आणि बाकीचे इलेक्ट्रिशियन. मी माझ्या खुर्चीतच होते. मालकाने भाऊजींना वाट काढून दिली, अगदी आयती. म्हणाला, "एक राहून गेलं वाटतं ह्यांच्याकडून. आत्ता काढतो."

"राहून नाही गेलं," भाऊजी म्हणाले. "मुद्दाम ठेवलंय."

"का?" मॅनेजर ओरडला.

"बाकीच्या पॅनेलांवर माणसं टेस्टर लावतात. मी उभं राहून बघितलंय. सातला माझा साडू असतो. एक नंबरचा आळशी आणि निष्काळजी माणूस. टेस्टर खिशात आणि हात आत. त्याच्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही. पण खोटं हिरवं मी त्याला दाखवणार नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. आमचे हे लालबुंद झाले. मालकाने भाऊजींकडे न बघता सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." भाऊजींनी लॅपटॉपची वायर गुंडाळली आणि गेले.

त्या रात्री घरात भांडी आपटली. "चारचौघांत मला आळशी म्हणतो! जन्मात तोंड बघणार नाही त्याचं!" मी म्हटलं, "अहो, पण तुमच्यापायी त्यांची नोकरी गेली." तर म्हणाले, "माझ्यापायी? त्याच्या जिभेपायी गेली! तू त्याच्याच बाजूची." ताईला फोन लावला तर तीही मला तेच म्हणाली, फक्त उलट्या बाजूने. "तुझ्या नवऱ्यासाठी माझा नवरा घरी बसलाय. झालं समाधान?" आणि ठेवला. मी दोघांनाही आणि भाऊजींनाही मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. मग अंधारात पडून राहिले आणि मला रडू फुटलं. ह्या माणसाने जे केलं ते दुसरं कुणी केलं असतं, तर आपण पाया पडलो असतो त्याच्या. पण करायचं ते करून वर असा अपमान करायचा, की कुणाला आभारसुद्धा मानता येऊ नयेत, ही कसली तऱ्हा!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कंपनीतला दुसरा एक जण आला. चहा पिता पिता त्याने सातचं प्रश्नचिन्ह काढून टाकलं. चहा संपायच्या आत काम झालं.

त्यानंतर काही दिवस कंट्रोल रूममध्ये अशी शांतता, की मला ती सहन होईना. पडदा बघत बसायची आणि वाटायचं, ह्यातलं आत्ताचं कुठलं आणि मघाचं कुठलं?

एका दुपारी फोन वाजला. आमचे हे. अबोला होता, त्यामुळे नुसतं, "सात?"

चौकट हिरवीगार होती. माझ्या तोंडात शब्द आला होता.

"हात घालू नका," मी म्हटलं.

"का? लाल आहे?"

"नाही. हिरवा आहे."

"मग?"

"मग मला माहीत नाही. टेस्टर काढा."

"आता तूही सुरू झालीस? त्या खुसपटाने—"

"हो, झाले सुरू! आहे मी त्याच्या बाजूची. टेस्टर लावा, आणि फोन ठेवलात तर घरी येऊ नका."

त्यांनी एक शिवी हासडली. फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला. मग काहीच नाही. मी ओरडले, "अहो!" तरी काही नाही. मी उभी राहिले होते. परत ओरडले.

"आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "पेटला. चालू आहे हा."

सातला जिथून वीज येते, तो मागचा मोठा ब्रेकर मी पाडायला लावला. नंतर उलगडा झाला. सकाळी सफाईसाठी सात बंद केला होता, तेवढं रिलेने सांगितलं आणि मग तो गप्प झाला. सफाईवाल्यांनी जाताना ब्रेकर परत चालू केला. मोटर अजून सुरूच केली नव्हती, म्हणून आवाजावरूनही काही कळलं नाही. पडदा मात्र सकाळचं हिरवं दाखवत बसला होता.

ब्रेकर पडल्यावर ह्यांनी परत फोन उचलला. मग म्हणाले, "हे त्याला सांगू नकोस."

"बरं," मी म्हटलं, फोन ठेवला आणि लगेच भाऊजींना लावला.

"कोण?" नेहमीचाच खेकसणारा आवाज.

"मी बोलतेय. सात हिरवा होता, भाऊजी. टेस्टर पेटला."



"हात आत होता?"

"नाही."

"तू बघितलंस, की तो सांगतोय?"

"मी त्यांच्याशी बोलले आत्ता. त्यांचा आवाज ऐकला."

"आत्ता म्हणजे कधी?"

"आत्ता, भाऊजी," मी म्हटलं. "ह्या मिनिटाला. जिवंत आहेत ते."

त्यांनी फोन ठेवून दिला.