पोश्याचे तीन तुकडे

रंजनानं मुरबाडच्या कॉलेजात भूगोल आणि नकाशाकामाचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घेतला, त्या साली तिच्या वयाची बाकीची पोरं घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेली. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतून सडकेपर्यंत पाऊण तास पायी, पुढं एसटी. वर्षात तिचे चार दिवस बुडाले, तेही तापानं.

प्रमाणपत्र हातात आलं. शहापूरला एका मोजणीवाल्याकडं तिनं दोन महिने टेप धरली. पावसाळा लागला तसा तो म्हणाला, "बोलावतो." बोलावणं काही आलं नाही.

"वरीसभर शिकून काय मिळवलंस गो?" थोरला भाऊ दिनेश विचारी. "नकाशा नसला तरी आमाला भट्टीचा रस्ता सापडतो."

"म्हशाच्या जत्रंत गेल्या साली हरवला कोण होता रे?" आई, ठकू, चुलीपासून म्हणे. दिनेश उठून अंगणात जाई.

बाप पोश्या यात पडत नसे. त्याचा जीव जमिनीत अडकला होता. जंगलातल्या उतारावर तो बापाच्या काळापासून नाचणी-वरई करी. त्या जमिनीच्या वनहक्कासाठी त्यानं दावा घातला होता. मोजणीची माणसं आली, म्हणाली, "तुमची जमीन दाखवा." पोश्यानं पेरलेला तुकडा दाखवला. तुकडे होते तीन. एकात दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं, मग त्याला विसाव्याला सोडायचं आणि दुसऱ्यात जायचं. विसाव्यातली जमीन वाडीत कुणी बोट दाखवून 'माझी' म्हणत नाही. कागदावर एकच तुकडा चढला. त्यानंतर बाकीच्या दोन्हींत पाय टाकला की वनरक्षक अडवी. त्याच तुकड्यात पाचव्यांदा पेरणी झाली, तेव्हा नाचणीची कणसं करंगळीच्या पेराएवढी निघाली.

ग्रामसभेनं फेरपाहणी मागितली. तारीख मिळाली म्हसा गावच्या पौषातल्या जत्रेनंतरची. रंजनाच्या हातात बारा दिवस होते.

ती मोबाइलवर जागा टिपत तिन्ही तुकड्यांची हद्द चालायला लागली. पहिली फेरी तिनं घाईत मारली. घरी येऊन नकाशात बघते, तर वरच्या तुकड्याचा एक कोपरा ओहळात जाऊन बसलेला. झाडाखाली मोबाइलला जागा चटकन कळत नाही, थांबावं लागतं. हे तिला शिकवलं होतं, तरी ती थांबली नव्हती. तिनं सगळं पुसलं आणि पुन्हा चालली. आता हद्दीच्या दर खुंटाला दहा मिनिटं उभी. दिनेश काठीनं करवंदीच्या जाळ्या बाजूला धरी.

"सगळी वाडी जत्रंला गेली, नि मी काटे खातोय."

"ही फेरी झाली की जा."

"हे तू कालपण बोललीस!"

चौथ्या फेरीला आकडे तिसरीशी जुळले. दिनेश जत्रेला पळाला.

तुकडे आलटून-पालटून पेरले जात, याच्या पुराव्याला कॉलेजातल्या सरांकडून तिनं उपग्रहाची जुनी छायाचित्रं छापून आणली. खाली लिहिलेलं साल अंगठ्यानं झाकून एक-एक बापापुढं धरलं.

"खालचा तुकडा उघडा दिसतो," पोश्या म्हणाला. "वरई होती. तवा तू आयेच्या पोटात होतीस."

अंगठा काढला. दोन हजार पाच. ठकू हातातलं पीठ झटकत बघायला आली.

दुसऱ्या चित्राला पोश्यानं मान हलवली. "मधला पेरलाय. माझ्या पायाला कुऱ्हाड लागली ते साल."

"नाय बा, ते आधी लागलं. हे दोन हजार बाराचं."

"पाय माझा होता गो!"

रंजनानं सरांची यादी काढून बघितली. साल दहाचं होतं, लिहिताना तिचीच चूक झाली होती. तिनं खोडून नीट लिहिलं. पोश्या त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवला.

फेरपाहणीला मोजणीचे साहेब आले. वरच्या तुकड्यापाशी म्हणाले, "हे तर रान आहे."

पोश्या जाळीत शिरला. दोन्ही हातांनी करवंद ओढून धरलं. आत गुडघाभर उंच दगडांची ताल निघाली, त्याच्या बापानं माती धरायला रचलेली. रंजनाच्या नकाशातली रेघ त्या तालीवरूनच गेली होती. साहेबांनी स्वतःचं यंत्र लावून सगळी हद्द चालून घेतली. फरक दोन पावलांचा पडला.

"नकाशा कुणी केला?"

"पोरीनं," पोश्या म्हणाला. "मीपण होतो. साल मी सांगितलं."

पंचनाम्यात तिन्ही तुकडे चढले. मंजुरीचा कागद चैत्रात आला. जून लागताच पोश्यानं थकलेला तुकडा विसाव्याला सोडला आणि जुलैत खालच्यात नाचणीची रोपं लावायला घेतली. रंजना घरी नव्हती. शेजारच्या दोन वाड्यांच्या ग्रामसभांनी तिला रोजावर मोजणीला बोलावलं होतं. लावणीला एक माणूस कमी पडलं. तिच्या वाटणीच्या ओळीही पोश्यानंच लावल्या.