मामाजींची विरळणी

माझं सासर दिग्रसला आणि नोकरी आर्णीच्या कॉलेजात. सकाळची बस, दुपारी परत. लग्न होऊन इथे आले तेव्हा घरामागे एक चौकोनी मोकळी जागा होती. काळी माती, आणि तिच्यावर गवताची काडी नाही की वाळलेलं पान नाही. मधोमध तुळस, कडेला कढीपत्ता, तोही अंग चोरून उभा. मी कोकणातली. आमच्याकडे घरामागची जमीन अशी उघडी दिसली, तर त्या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलंय असं समजतात.

ती जागा मामाजींची होती. सासऱ्यांना इकडे मामाजी म्हणतात. गुडघे गेले तेव्हा त्यांनी शेत मक्त्याने दिलं आणि खेड्यातून मुलाकडे, म्हणजे आमच्याकडे राहायला आले. आयुष्यभर कपाशी आणि तूर केलेली. शेत दुसऱ्याला दिलं तरी पहाटेची जाग काही देता येत नाही, म्हणून रोज उजाडताना ते खुरपं आणि खराटा घेऊन मागे जायचे. मी चहा ठेवायची तोवर जमीन खुरपून, झाडून झालेली असायची. लेआउटमधली, म्हणजे आमच्या वस्तीतली, माणसं कौतुक करायची की काय स्वच्छता आहे. मला ती जागा बघून तहान लागायची.

दोन वर्षांनी माझे वडील गेले आणि भावांनी घरासकट बाग विकली. विकत घेणाऱ्याने तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायला जेसीबी घातला. त्याआधी मी एकदा जाऊन आले. सुपारी, फणस, जायफळ यातलं काही पिशवीत मावणारं नव्हतं. विहिरीजवळच्या वेलची केळीच्या बेटातला एक कोंब तेवढा काढला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि दिग्रसला घेऊन आले. माहेर म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. हे मी इथे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे माझ्याकडे दयेने बघत बसले असते, आणि ते मला सोसत नाही.

मग मी मागची जागा हातात घेतली. इथल्या उन्हात केळ एकटी टिकत नाही, तिला सोबत लागते. पश्चिमेच्या कुंपणभिंतीला चुना मारला, कारण ती संध्याकाळभर तव्यासारखी तापते. त्या बाजूला शेवगा आणि पपई लावली, त्यांच्या सावलीत केळ, केळीच्या सावलीत अळू, आलं, हेलिकोनिया आणि कोपऱ्यात नेचे. वरून हिरवी जाळी. लेआउटमध्ये बातमी झाली की मॅडम जंगल करून राह्यल्या. नवऱ्याने नेहमीप्रमाणे हात वर केले. तो जिनिंगमध्ये आहे, कापसाचा सीझन लागला की घरी फक्त झोपायला येतो.

मामाजी पहिल्याच दिवशी दोरी घेऊन आले. दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारलेल्या, कपाशी लावताना मारतात तशा.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"चौफुलीवर लाव. उभं-आडवं दोन्हीकडून डवरं चाललं पायजे."

"मामाजी, या एवढ्याशा जागेत कोळपायला डवरं कोण आणणार? आणि बैल काय स्वयंपाकघरातून आणायचे?"

ते हसले नाहीत. दोरी गुंडाळत म्हणाले, "तुया मनानं कर बापा. पण हे लावणं नोहे, हे फेकणं झालं."

त्यानंतर पालापाचोळ्यावरून आमचं बरेच दिवस वाजलं. मी झाडांच्या बुडाशी वाळलेली पानं पसरायची, ओल धरून राहावी म्हणून. दुसऱ्या दिवशी पानं गायब. विचारलं तर म्हणत, कचऱ्यात साप येते. आता साप येतो हे खरंच आहे. शेवटी वाटणी झाली. पश्चिमेचा पट्टा माझा, तिथे मी पाचोळा टाकीन नाहीतर आणखी काही करीन. बाकीची जमीन त्यांची. केळ नेमकी दोघांच्या हद्दीवर होती. तिच्या आळ्यातली खुरपणी त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि मीही कटकट नको म्हणून सोडून दिली.

उन्हाळ्यात मात्र मामाजी कामाला आले, हे कबूल करायला हवं. त्यांनी शेतातून पऱ्हाटी आणवली. कापूस वेचून झाला की कपाशीची जी वाळकी झाडं उरतात ती. तिचा डोक्याहून उंच कूड करून त्यांनी भिंतीला लागून बांधला. गरम वारा त्यातून यायचा तो गाळून यायचा. माझी जाळी पहिल्याच वावटळीत फाटली होती, कूड तसाच उभा राहिला. नवऱ्याने त्या उन्हाळ्यात एकच सूचना केली, की कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं, झाडांना घाल. मी घातलं. आठवड्याभरात अळूच्या पानांच्या कडा करपल्या. आमच्या बोअरचं पाणी आधीच खारट, कूलरमध्ये आटून आटून ते आणखी खारं होतं. नवरा म्हणाला, मला काय माहीत, मी कापसातला माणूस. म्हटलं, हे घर कापसातल्या माणसांनी भरलेलंच आहे.

केळ तगली. पानं फाटली, टोकं जळली, पण मधली सुरळी हिरवी निघत राहिली. एकच गोष्ट मला खात होती. केळीला एव्हाना बाजूने कोंब फुटायला हवे होते. केळ एकदाच घड देते आणि मरते. पुढे राहतात ते तिचे कोंब. आमच्या विहिरीजवळचं बेट असंच कोंबावर कोंब करत माझ्या आजोबांच्या काळापासून चाललेलं. मी रोज बसला निघण्याआधी आळ्यात डोकावायची. आळं स्वच्छ. वाटलं, ऊन सोसवत नाही तिला. कशीबशी स्वतः जगते आहे, पोरं कुठून घालणार. मी तिला जास्त पाणी दिलं, शेणखत दिलं. तरी आळं स्वच्छच.

पावसाळ्यात केळफूल आलं आणि दिवाळीच्या सुमारास घड भरला. मामाजी खुशीत. रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून आत आणायचे आणि घड दाखवायचे. मला तो घड बघवत नव्हता. केळी भरत होती तशी ती केळ संपत होती, आणि मागे काहीच नव्हतं.

घड उतरवायच्या दिवशी मामाजी विळा घेऊन आले. मी धरायला उभी राहिले. घड खाली आला, बारीक सालीची, बोटाएवढी केळी. तोच वास. माझ्या तोंडून निघून गेलं, "एकही कोंब आला नाही हिला. आता ही गेली की झालं."

मामाजी विळा पुसत म्हणाले, "आले नं. लय आले. मीच काढून टाकत होतो."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "काय काढत होतात?"

"कोंब. रोज एखांदा तरी निघेच. पहाटेच खुरपून टाको."

"कशाला पण?"

"कायले म्हंजे? विरळणी नाही करा लागत? एका जागी एकच झाड ठेवा लागते. सारे ठेवले असते तं घड पोसला असता का असा?"

ते घडाकडे बोट दाखवत होते आणि त्यांच्या आवाजात काही लपवाछपवी नव्हती. कपाशीचं तसंच असतं. एका जागी दोन रोपं उगवली तर जोमदार ठेवायचं, दुसरं उपटायचं. त्यांनी जन्मभर तेच केलं होतं आणि चांगलं केलं होतं.

"आणि पुढच्या वर्षी?" मी म्हटलं.

"पुढच्या साली नवी आणू. बी तं दरसाल नवंच घ्या लागते."

तेही त्यांच्या दृष्टीने बरोबरच. इकडे कपाशीचं बी घरी राखत नाहीत. दर वर्षी कृषी केंद्रातून नवं पाकीट आणायचं, हंगाम संपला की सगळं उपटून रान मोकळं करायचं. बियाण्याला आई-बाप असतात, ते कुठल्यातरी अंगणातून आलेलं असतं, हे त्यांनी विचारात घ्यावं तरी कशावरून.

मला रडू आलं नाही, राग आला. मी म्हटलं, "ही बाजारात मिळत नाही मामाजी. माझ्या वडिलांच्या बागेतली आहे. ती बाग आता नाही. त्यातलं एवढंच होतं."

त्यांनी विळा खाली ठेवला. आळ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "मले काहून नाही सांगतलं?"

मी उलट विचारलं, "टाकलेत कुठे ते कोंब?"

"भिंतीपल्याड. बकऱ्याइले."

त्या संध्याकाळी मी भांडी आपटली. दुसऱ्या दिवशीही आपटली. नवऱ्याने काय झालं विचारलं आणि लगेच पेपर उघडला. मामाजी जेवले, पण पोळी मोडायची आणि ताटातच ठेवायची असं.

तिसऱ्या सकाळी खराट्याचा आवाज आला नाही. मागे जाऊन पाहिलं तर कोणी नाही. जरा वेळाने पुढच्या दाराशी मामाजी आले आणि त्यांच्यासोबत मागच्या घरातली मेकॅनिकची बायको. बकऱ्या तिच्याच. त्या घराचा दरवाजा पलीकडच्या गल्लीत, म्हणजे मामाजी त्या गुडघ्यांनी अख्खा वळसा घालून गेले होते. भिंतीवरून रोज कोंब टाकणारा हा माणूस त्या दारात त्याआधी कधी गेला नव्हता.

"भाभी," ती म्हणाली, "बाकी तं बकऱ्यायनं खाल्ले. पण एक मी लावला होता, न्हाणीले आडोसा पायजे होता म्हणून. चला, पाहून घ्या."

मी तशीच गेले. तिच्या न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे, आमच्या भिंतीला लागून, उकिरड्याच्या कडेला, केळ उभी होती. माझ्या केळीपेक्षा हिरवी. तिच्या बुडाशी कोणी कधी झाडलं नव्हतं, कोंबांचा नुसता गराडा पडला होता. पऱ्हाटीच्या कुडामुळे इकडून मला तिचं पानही दिसलं नव्हतं. मी तिथे चिखलात उभी राहिले आणि मग रडले. मेकॅनिकच्या बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पायजे तेवढे न्या, भाभी. माझी न्हाणी झाकली की झालं."

त्यातला एक कोंब मामाजींनीच खणून काढला. मला हात लावू दिला नाही. बारदान्यात गुंडाळून परत वळसा घालून घरी आणला आणि म्हणाले, "कोठी लावू, सांग." मी जागा दाखवली. त्यांनी दोरी आणली नाही. लावून झाल्यावर मी पाचोळा टाकला, ते बघत राहिले, सापाचं काही बोलले नाहीत.

थंडी सरताना एका सकाळी बसची वेळ झाली होती. मागून मामाजींनी हाक मारली. नव्या केळीच्या बाजूला जमीन फोडून बोटभर टोक वर आलं होतं. त्याच्याभोवती त्यांनी पऱ्हाटीच्या काड्या जवळजवळ रोवून छोटं गोल कुंपण केलं होतं आणि सुतळीने पक्कं बांधत होते.

"बकऱ्या इकडे येत नाहीत मामाजी," मी म्हटलं. "एवढी भिंत आहे की. कुंपण कोणासाठी?"

"माह्यासाठी," ते म्हणाले. "पहाटे अंधारात डोयाले दिसाच्या आधी हात चालते."