स्टोअरमधला गोकुळ

डिंगोरे गावाच्या वरच्या अंगाला ओढा ओलांडला की वैजयंतीचं घर लागतं. घराला पत्र्याची पडवी आहे आणि पडवीत तिचं पायमशीन. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश ही रोजची कामं. शिवाय ट्रॅक्टरच्या सीटचं कव्हर, फाटलेली ताडपत्री, फवारणीच्या पंपाचे पट्टे, असं जे दुसरा शिंपी हातात धरत नाही तेही तिच्याकडे येतं. जाड कापडाची तिला भीती वाटत नाही. लग्नानंतर दोन वर्षं नवऱ्याला लष्करी छावणीत क्वार्टर मिळालं होतं. तिथं शेजारपाजारचे जवान उसवलेले कप्पे, तुटलेले पट्टे घेऊन दाराशी यायचे. कुठल्या सुईला कुठला दोरा लागतो आणि ओझं पेलणारा टाका कसा घालायचा, हे ती तिथंच शिकली.

ती दोन वर्षं सोडली तर बाकीचा संसार सुट्ट्यांमधलाच. नवरा गोकुळ फौजेत नाईक. मुलगी हर्षाली शिकायला पुण्यात मावशीकडे. घरात वैजयंती आणि सासू साळुबाई. साळुबाईंना ऐकायला कमी येतं, म्हणून टीव्ही मोठ्यानं चालतो. दिवसभर घरात हिंदी मालिकांमधली माणसं भांडत असतात आणि घरातल्या दोघी मात्र चार वाक्यांत दिवस उरकतात.

मागच्या वर्षी शेजारच्या तालुक्यातल्या एका जवानाचा मृतदेह गावी आला. वैजयंती त्याला ओळखत नव्हती, तरी गेली. गर्दीत लांब उभी राहून तिनं त्याच्या बायकोला पाहिलं. ती बाई रडत नव्हती. ती सारखी पदर नीट करत होती, एवढंच. त्या दिवसापासून वैजयंतीची झोप गेली. मशीनवर बसलं की टाका वाकडा जायचा. एकदा सुई बोटातून आरपार गेली. नारायणगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी नुसतं डोकं जड झालं.

मग एक दिवस गोकुळचा फोन आला. "आगं, मला स्टोअरला टाकलंय. आता काय, कांबळी मोजायची आन सही घ्यायची. तू निवांत झोप."

ती खरंच झोपली. आणि त्या फोनपासून गोकुळ बोलका झाला. आधी त्याचा फोन म्हणजे 'जेवलीस का, आईचं गुडघं कसं हायती' एवढाच. आता तो स्टोअरच्या गोष्टी सांगायचा. मोज्यांचा गठ्ठा उंदरांनी कुरतडला तेव्हा त्याचा पंचनामा कसा झाला. एक सुभेदारसाहेब कांबळी मोजायला बसतात आणि दर वेळी त्यांचा आकडा वेगळा येतो. एक आचारी नवे बूट घेऊन गेला आणि दोन दिवसांनी लंगडत परत आला, दोन्ही बूट डाव्या पायाचे. वैजयंती फोन कानाला लावून तोंडावर हात धरून हसायची. सकाळी ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बायकांना ती त्या गोष्टी सांगायची, साळुबाईंना मोठ्यानं ओरडून सांगायची. संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की पडवीत बसून तिला ते स्टोअर दिसायचं: लाकडी मांडण्या, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि खुर्चीवर बसलेला गोकुळ. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचा दिवस कसा जातो हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

संक्रांत झाल्यावर गोकुळ सुट्टीवर आला. बॅगेतून त्यानं एक हिरवं जाकीट काढून मशीनवर ठेवलं. पुढं-मागं पाटी सरकवायला दोन मोठे खिसे, खांद्यावर दोन पट्टे, कमरेला रुंद पट्टा आणि बाहेरून आडव्या पट्ट्यांच्या ओळी.

"प्लेट कॅरिअर म्हणत्यात ह्याला," तो म्हणाला. "युनिटमधल्या एका पोराचं हाय. त्यानं सोताच्या पैशानं घेतलंय, पण कप्पं लई डुगडुगत्यात. म्या म्हणलं, आमच्या घरी शिवत्यात, दे इकडं. माझ्याच मापाचा हाय त्यो. माझ्या अंगावर बेतलं तरी चालंल."

वैजयंतीनं त्याच्या छातीला टेप लावला. "स्टोअरला बसून बी तुमचं अंग धरंना की."

"उंदरांमागं पळतोय ना."

गोळी अडवणाऱ्या खऱ्या पाट्या युनिटमध्येच जमा असतात, त्या घरी आणता येत नाहीत. आणि वजन आत नसलं की जाकीट अंगावर कसं बसतं ते कळत नाही. म्हणून गोकुळनं पुठ्ठ्यावर आकार कापला आणि चुलतभाऊ रामनाथला हाक मारली. रामनाथ फरशी बसवायची कामं करतो. त्यानं कटर आणून शहाबादी फरशीचे दोन तुकडे कापले, वरचे कोपरे तिरके उडवले. वजन जवळपास तेवढंच भरलं.

"वहिनी, सरकारला कळवा," रामनाथ म्हणाला, "पाट्या कमी पडल्या तर आमच्याकडनं न्या. पॉलिश फुकट."

"भावजी, गोळी थांबंल का ह्यानं?"

"गोळी नाय थांबायची. पण पाय घासायला लई झ्याक."

पहिले दोन दिवस नुसतं बेतण्यात गेले. गोकुळ एकेक गोष्ट सांगत होता आणि वैजयंती खडूनं खुणा करत होती. पाटीची वरची कड गळ्याखालच्या खळग्याशी आली पाहिजे. खाली राहिली तर ती पोट झाकते आणि छाती उघडी टाकते. मागची पाटी पुढच्याच उंचीला. कमरेचा पट्टा असा, की पूर्ण श्वास घेता यावा पण जाकीट हलू नये. काडतुसांच्या मॅगझिनचे कप्पे पुढं एकाच थरात, एकावर एक नाहीत, नाहीतर पालथं पडलं की माणूस जमिनीपासून वर उचलला जातो. वायरलेस डाव्या बरगडीवर, जरा मागं आणि त्याची वायर आतून, झुडपात अडकायला नको म्हणून. डुगडुगण्याचं कारण वैजयंतीनं लगेच ओळखलं. कप्प्याची पट्टी एकदा जाकिटाच्या ओळीतून आणि एकदा कप्प्याच्या ओळीतून अशी विणत खाली न्यायची असते. ती कुणीतरी घाईत सरळ खाली ओढली होती.

"बाज विणल्यावानी हाय की," ती म्हणाली.

"तेच त्या पोराला कळंना."

तिसऱ्या दिवशी गोकुळ कांद्याला पाणी द्यायला गेला आणि वैजयंती खांद्याचे पट्टे उसवायला बसली. आतला स्पंज बदलायचा होता. डावा पट्टा काढला, उजवा काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि तिचे हात थांबले.

दोन्ही पट्टे सारखे नव्हते. उजवा बोटभर जास्त सोडलेला होता. वेल्क्रोचे केस त्याच जागी झिजून गेले होते, म्हणजे तो कितीतरी दिवस तिथंच लावलेला होता. उजवीकडचा स्पंज बाहेरच्या कडेला दबून पापडासारखा झाला होता.

गोकुळचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता आहे. बघणाऱ्याला कळत नाही, पण तयार शर्टाला त्याच्या अंगावर उजवीकडं चुणी पडते. म्हणून त्याचे शर्ट ती स्वतः शिवते आणि बेतताना उजवा खांदा थोडा उतरवून कापते. हे फक्त तिला माहीत आहे.

तिनं जाकीट उलटं केलं. मानेपाशी घामाच्या मिठाची पांढरी रेघ होती, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. कांबळी मोजणाऱ्याला एवढा घाम येत नाही.

तिला आधी राग आला नाही. भीतीही जरा उशिरा आली. आधी आलं ते भलतंच दुःख होतं: ते स्टोअर कुठंच नव्हतं. लाकडी मांडण्या नव्हत्या, सुभेदारसाहेब नव्हते, लंगडणारा आचारी नव्हता. इतके महिने तिला ज्यानं सोबत केली, तो खुर्चीवरचा निवांत गोकुळ कुणीच नव्हता. घरातल्या टीव्हीवर कुणीतरी कुणालातरी हिंदीत शपथ घालत होतं. वैजयंतीनं उजव्या पट्ट्यात डाव्यापेक्षा जाड स्पंज भरला आणि पट्टा होता तितकाच लांब ठेवून शिवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तिनं जाकीट त्याच्या अंगावर चढवलं. आतल्या फरश्या जागेवर बसल्या.

"डोळं मिटा."

"कशाला?"

"मिटा तर. आता रक्त थांबवायचा पट्टा काढा. उजव्या हातानं."

तो पट्टा उजव्या कुशीला मागं लावलेला होता. गोकुळनं पटकन काढला.

"आता डाव्या हातानं."

डावा हात पोटावरून फिरला, वळला, कप्प्यांत अडकला. पोचला नाही.

"त्या पोराला चालतंय तसं," गोकुळ डोळे मिटूनच म्हणाला.

"त्याच्या उजव्या हातालाच लागलं तर कसं चालंल?"

गोकुळनं डोळे उघडले. वैजयंतीनं कात्रीनं टाके उसवले, पट्टा सोडवला आणि छातीच्या मधोमध, मॅगझिनच्या वर आडवा धरून पाहिला. मग तिथं सुई घातली. जाकीट त्याच्या अंगावरच होतं. ती इतकी जवळ होती की तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं.

"लगीन झालंय का त्याचं?"

"कुणाचं?"

"ज्याचं जाकीट हाय त्याचं."

"झालंय."

"बायकोला ठाव हाय, त्यो कुठं असतो?"

ओढ्यापलीकडं कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर चालू होता. गोकुळनं तिकडं मान वळवली.

"न्हाई. तिला वाटतं, मागं तळावर हाय. सुखात हाय."

"असं का केलं त्यानं?"

"तिला झोप लागत नव्हती. मग सांगितलं तसं. लागली झोप."

वैजयंतीनं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. "त्याचा उजवा खांदा उतरता हाय," ती म्हणाली.

गोकुळचा हात आपोआप उजव्या खांद्याकडं गेला आणि मध्येच थांबला.

"वैजू."

"सरळ उभं ऱ्हावा. कमरेचं बघायचंय."

"वैजू, ऐक ना."

"कांबळी, उंदीर, समदं रचलेलं?"

"उंदीर खरं व्हतं," तो म्हणाला. "दुसऱ्या एका ठिकाणी. लई वर्षांमागं."

तिला हसू आलं आणि त्याच दमात डोळ्यांत पाणी आलं. तिनं पाठ फिरवून मशीनच्या खणात उगाच बॉबिन शोधलं.

"आता काय करू, ते तूच सांग," गोकुळ म्हणाला.

"खरं सांगत जावा."

"खरं सांगता येत न्हाई गं. कुठं हाय, काय करतो, कवा परत येतो, फोनवर कायबी बोलायचं न्हाई आमाला."

"मग नका सांगू. पर खोटं नको."

"मग बोलायचं काय?"

"उड्या मारा," ती म्हणाली. "आवाज येतोय का बघू."

गोकुळनं अंगणात उड्या मारल्या. फरश्या धपधप वाजल्या आणि कुठंतरी बक्कल खुळखुळलं. साळुबाई दारात आल्या. "ह्यो काय नाचतोय बारक्या पोरावानी? गुडगं जातील माझ्यासारखं."

"स्टोअरचा व्यायाम हाय, आई," गोकुळ ओरडून म्हणाला आणि बायकोकडं बघून त्यानं जीभ चावली.

वैजयंतीनं बक्कलाला इलॅस्टिकची पट्टी शिवली. त्यानं परत उड्या मारल्या. या वेळी फक्त श्वासाचा आवाज आला.

सुट्टी संपली तेव्हा ती नारायणगावच्या स्टँडपर्यंत गेली. गाडी हलली तेव्हा गोकुळनं खिडकीतून हात वर केला. डावा.

त्याला आता बरेच दिवस झाले. झोपेचं म्हणाल तर ती कधी लागते, कधी नाही. गोळ्या तिनं परत सुरू केल्या नाहीत. टाका वाकडा जात नाही; सुई चालताना ती त्या जाकिटाचा एकेक टाका मनात परत घालून बघते. रक्त थांबवायचा पट्टा मधोमध आहे, दोन्ही हात पोचतात, एवढं तिला पक्कं माहीत आहे. बाकी काहीच माहीत नाही.

"स्टोअरमदी काय म्हनतोय गोकुळ?" साळुबाई विचारतात.

"बरं हाय समदं," ती मोठ्यानं सांगते. साळुबाई अजून काहीतरी ऐकायला थांबतात. मग टीव्हीकडं वळतात.

फोन येतो, पण आता लहान झाला आहे.

"जेवलीस?"

"व्हय. तुमी?"

"जेवलो. आई?"

"हायती बऱ्या."

मग कुणीच बोलत नाही. पूर्वी याच जागी तो आचारी लंगडत यायचा. आता त्या बाजूला वारा ऐकू येतो, नाहीतर कुणीतरी लांबून कुणाला तरी दिलेली हाक. वैजयंती विचारत नाही, तो सांगत नाही. एकदा त्यानंच म्हटलं, "तू बोल की कायतरी." शेवटी ती म्हणाली, "आज कुशाबाईंच्या सुनेचा ब्लाऊज कापला. हिरवा. अस्तर कमी पडलं."

"मग?"

"मग दुसरं जोडलं."

"रंग जुळला का?"

"न्हाई जुळला. पर आतल्या अंगाला हाय, दिसत न्हाई."

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतरही त्यानं फोन ठेवला नाही, तिनंही नाही. पडवीत उजेड कमी होत गेला तशी ती मशीनला टेकून बसून राहिली. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता आणि त्यात तिला ओळखू येईल असा एकच आवाज होता, गोकुळच्या श्वासाचा. मग रेंज गेली. तिनं थोडा वेळ फोन तसाच कानाला धरला, मग उठून दिवा लावला.