चाकं हवेत असताना

आमच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचा, धक्के सोसणारा रबरी बुश मी काढून हातात घेतला. वर्षभरातच तो पिळवटून फाटला होता. गेल्या दिवाळीत धाकट्या दिरानं याच पार्किंगमध्ये तो बसवला होता, चाकं हवेत असतानाच बोल्ट घट्ट आवळून. खरं तर बोल्ट आधी सैल ठेवायचा, गाडी जमिनीवर उतरवायची, तिचं वजन येऊ द्यायचं आणि मग तो आवळायचा. नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पीळ सोसत राहतं. माझ्या कामाच्या यादीत ही ओळ मी दोनदा अधोरेखित केली होती.

दीर सुट्टीला आलाय. मी गाडीखाली आडवी असताना चहाचा कप घेऊन माझ्या डोक्याशी उभा राहिला. “वहिनी, आईला रात्री दूध देऊ नका म्हटलं होतं ना? आणि दुपारचं झोपू देऊ नका.”

हा माणूस सगळंच असं आवळतो. सासूबाईंचं खाणं, झोप, औषधं त्याच्या घरून फोनवर ठरवतो. त्या आमच्याकडे असलेल्या या तीन वर्षांत एकदाही त्यानं त्यांना धरून बाथरूमपर्यंत नेलेलं नाही. भार अंगावर न घेतलेली माणसंच इतकं ठाम बोलू शकतात. पीळ दुसऱ्याला बसतो.

नवा बुश बसवून, बोल्ट सैल ठेवून मी जॅक उतरवला. गाडी नव्या बुशवर बसली. मग खाली हात घालून शेवटचा बोल्ट आवळला.

“भाऊजी, आईंची बॅग भरून ठेवली आहे. महिनाभर त्या तुमच्याकडे. त्यांना विचारलंय, त्या तयार आहेत.”

“अहो, पण आमच्याकडे...”

“दुधाचं तिथं गेल्यावर ठरवा,” मी म्हटलं आणि बॅग ठेवायला डिकी उघडली.