चेहरा बघून दिलेलं काम

सरांनी झाडू माझ्या हातात दिला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा, ह्यांना काही शिकवावंच लागणार नाही. ह्यांचं नॅचरल आहे."

सगळा हॉल हसला. मीही हसले.

नाट्यशिक्षकांचं उन्हाळी शिबिर होतं, हे सर ते घेत होते. भिवंडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, भर मे महिन्यात. कोणी कल्याणचे, कोणी ठाण्याचे, आम्ही दोघंतिघं तालुक्यातले. सगळे शिक्षक, सगळे पदवीधर. शेवटच्या संध्याकाळी अधिकाऱ्यांसमोर एक छोटं नाटक करायचं होतं, एका डॉक्टरच्या घरात घडणारं. डॉक्टर ठरला. त्याची बायको ठरली. पाहुणे ठरले. मोलकरीण राहिली होती. त्यासाठी सरांनी शोधाशोध केली नाही.

पहिल्या दिवशी ओळखीचा खेळ झाला. गोलात उभं राहायचं, नाव सांगायचं, एक हालचाल करून दाखवायची. बाकीच्यांनी नुसती नावं सांगितली. माझी पाळी आली तेव्हा सरांनी विचारलं, "पूर्ण नाव?" मी आडनाव सांगितलं. "अच्छा," म्हणाले. एवढंच. आम्ही बौद्ध. हे "अच्छा" मी शाळेत होते तेव्हापासून ऐकत आलेय. त्या दिवसापासून प्रत्येक प्रसंगात मला एकच काम. भांडी घासणारी. कचरा वेचणारी. दारात उभी राहून "बाईसाहेब" म्हणणारी.

आणि मी ते केलं. अपमानापेक्षा हेच सांगायला जड जातं. नुसतं केलं नाही, मन लावून केलं. माझी आई आयुष्यभर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात सुताच्या कांड्या भरत आली. उकिडवं बसून बसून तिचा डावा गुडघा गेला. उठताना ती गुडघ्यावर तळहात दाबते आणि ओठ आवळते, तोंडातून आवाज काढत नाही. झाडू मारून उठताना मी तेच केलं. गुडघ्यावर हात, ओठ आवळलेले. टाळ्या पडल्या. सर ओरडले, "क्या बात है! ह्याला म्हणतात निरीक्षण!" मी फुशारले. खरंच फुशारले.

घरी गेल्यावर आईनं विचारलं, "काय शिकवलं गं आज?"

"आवाज कसा लावायचा ते," मी म्हणाले.

ती उठली, गुडघ्यावर हात दाबून, आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेली. मला तिच्याकडे बघवेना. तिचं दुखणं मी चार लोकांत मांडून टाळ्या घेऊन आले होते. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. शिबिराचं प्रमाणपत्र मिळालं तर शाळेच्या गॅदरिंगचं नाटक माझ्याकडे कायम राहणार होतं. ते मला सोडवत नव्हतं.

बाहेरच्या लूमच्या खटखटीचा सरांना फार त्रास व्हायचा. "ह्या गावात माणसं विचार कशी करतात?" असं ते एकदा म्हणाले. म्हणून शेवटचा दिवस त्यांनी मुद्दाम शुक्रवारी ठेवला. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी सकाळी मुलांबरोबर सराव आणि संध्याकाळी आमचं नाटक, असा बेत होता. सरावासाठी प्रत्येकानं आपल्या शाळेतली थोडी मुलं आणायची होती. माझी शाळा अंबाडी गावाच्या पुढे. सुट्टी असूनही मी घरोघर जाऊन मुलं गोळा केली. त्यात सहावीतली रोशनी होती, आदिवासी पाड्यावरची. तिचे आईबाप पूर्णा गावातल्या गोदामात माल उतरवतात. भिवंडी बघायला मिळणार म्हणून तिनं केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या.

सगळ्या शाळांची मुलं एका ओळीत उभी केली. सर मला म्हणाले, "आता तुम्ही दिग्दर्शक. सरकारी दवाखान्याचा प्रसंग. डोकं चालवू नका, नजर चालवा. चेहरे बघा आणि पटापट कामं वाटा. कास्टिंग असंच होतं."

मी नजर चालवली. कल्याणच्या शाळेतला एक गोरा मुलगा होता, त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप घालून त्याला डॉक्टर केलं. चष्मेवाल्याला साहेब केलं. इस्त्रीच्या फ्रॉकातल्या मुलीला नर्स. माझा हात कुठेच अडखळला नाही. मग मी कोपऱ्यातला झाडू उचलला, सरळ रोशनीकडे गेले आणि तिच्या हातात दिला.

"तुला जमेल," मी म्हणाले. "तुझं नॅचरल आहे."

मागून सर म्हणाले, "परफेक्ट!"

रोशनी हसली. ते हसू मी ओळखलं. सगळे हसतायत तर आपणही हसून घ्यावं, म्हणजे निदान आपल्याला लागलं हे कोणाला दिसत नाही, तसं. तिला कोणी परक्यानं झाडू दिला नव्हता. तिच्या बाईंनी दिला होता. ज्या बाईंना स्वतःला तोच झाडू मिळाला होता, त्यांनी.

मी तिच्या हातातून झाडू काढून घेतला. डॉक्टर झालेल्या मुलाच्या गळ्यातला स्टेथोस्कोप मागून घेतला आणि तिच्यापुढे धरला. "रोशनी, तू डॉक्टर हो."

ती दोन पावलं मागे सरली. "नको बाई. मना न्हाय जमायचा. मी झाडूच मारतं." आणि तिनं माझ्या हातातला झाडू परत ओढून घेतला.

"बघा," सर म्हणाले. "मुलांनाच कळतं आपलं काय ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरांचा राग होताच. पण जास्त राग माझा मला आला होता.

"सर, संध्याकाळी मी मोलकरीण करणार नाही."

"अहो, असं काय करता? कुठलीच भूमिका छोटी नसते."

"मग तुम्ही करा. मला डॉक्टर द्या."

कोणीतरी हसलं. सरांनीही हसून सोडून द्यायचा प्रयत्न केला. "प्रेक्षकांना पटायला पाहिजे ना बाई."

"का पटणार नाही? सगळ्यांसमोर सांगा."

सरांनी घड्याळ बघितलं, पाणी प्यायले. इतके दिवस माझ्याबरोबर एका सतरंजीवर बसून डबा खाणारे शिक्षक खाली बघत राहिले. लूम बंद असल्यामुळे हॉलमध्ये अगदी शांत होतं. मी माझी मुलं घेतली आणि निघाले. प्रमाणपत्र मिळालं नाही. संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेचं नाव घालवलंत, म्हणाले. यंदा गॅदरिंग दुसऱ्या कोणाला तरी देऊ, म्हणाले.

ऐकणारे मला म्हणतात, बरी जिरवली. मला त्याचा आनंद होत नाही. कारण परतताना गाडीत रोशनी माझ्या शेजारी बसली होती. बाकीची पोरं खिडकीसाठी भांडत होती, ही त्यांच्यात नव्हती. अंबाडी आली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "बाई, माझा काय चुकला?"

तिला वाटलं होतं, झाडू तिला नीट धरता आला नाही, म्हणून बाई चिडून निघाल्या.

"तुझं नाही. माझं चुकलं," मी म्हणाले.

तिला ते पटलं नाही. बाई चुकतात हे तिला कोणी शिकवलेलंच नाही. गाडी थांबली तशी ती उतरली आणि मागे न बघता पाड्याच्या वाटेला लागली. मी माझ्यासाठी भांडले. सरांना मी नाही म्हणू शकले, कारण मला नाही म्हणता येतं. तिच्या तोंडून मात्र मी "मना न्हाय जमायचा" काढून घेतलं, आणि ते परत तिच्या पोटात ढकलायची सोय नाही.

म्हणून गॅदरिंग मी सोडणार नाही. शाळा उघडली की मुख्याध्यापकांसमोर उभी राहून ते मागणार. त्यांनी नाही दिलं तर मधल्या सुट्टीत व्हरांड्यात नाटक बसवणार. तिथे कोणाचं काम चेहरा बघून ठरणार नाही. प्रत्येक पोरानं प्रत्येक काम करून बघायचं, डॉक्टरही आणि झाडूवालाही. मग ठरवायचं.

रोशनीला मी पुन्हा विचारणार आहे. ती नको म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारेन. तिला डॉक्टर व्हायचंच नसेल तर तिनं होऊ नये. पण ते तिनं तिथं उभं राहून, करून बघून ठरवायचं. माझ्या नजरेनं तिच्यासाठी ठरवायचं नाही. ती नजर मी रोज स्वतःच पकडणार आहे, आणि पकडली की सगळ्या वर्गासमोर सांगणार आहे.